पाण्याच्या हक्कासाठी झगडलेले महापुरुष : डॉ. बाबासाहेब आंबेडकर

भारताच्या राज्यघटनेचे शिल्पकार भारतरत्न डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांचे नाव ज्याने ऐकले नाही असा माणूस महाराष्ट्रात शोधून सापडणार नाही. त्यांची विद्वत्ता, त्यांचे ग्रंथ, गोलमेज परिषदेतील त्यांची कामगिरी, १९५६ सालचे धर्मांतर यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु या थोर पुरुषाला बालपणी पाण्याच्या एका घोटासाठी रात्रभर तळमळावे लागले, त्यांच्या सार्वजनिक कार्यातील पहिला मोठा लढा पाण्यासाठीच झाला, आणि देशाचा मूळ कायदा लिहिण्याची वेळ आली तेव्हा त्या कायद्यातही विहीर आणि तलाव हे शब्द आले, ही हकीकत एकत्र अशी फारशी सांगितली जात नाही. गावोगाव देवळाशेजारी विहीर किंवा तळे असतेच. देवाचे आणि पाण्याचे नाते जुने आहे. त्यामुळे देवळाच्या जीर्णोद्धाराच्या निमित्ताने त्यांच्या चरित्राचा हा भाग आठवणे उचितच होय.

बाबासाहेबांचे मूळ गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या मंडणगड तालुक्यातील आंबडवे. घराणे महार समाजातील, कबीरपंथी आणि लष्करी पेशाचे. वडील रामजी मालोजी सकपाळ हे सैन्यात सुभेदार होते व लष्करी शाळेत शिकवीत असत. त्यांची छावणी मध्य भारतात महू येथे असताना १४ एप्रिल १८९१ रोजी भीमरावांचा जन्म झाला. निवृत्तीनंतर सुभेदार काही काळ दापोलीस व नंतर साताऱ्यास राहिले. साताऱ्यास असतानाच मातोश्री भीमाबाई निवर्तल्या. आत्याने मुलांचा सांभाळ केला.

साताऱ्याच्या शाळेत भीमराव जात ते गोणपाटाचा एक तुकडा बगलेत मारून. वर्गात इतर मुलांपासून दूर, कोपऱ्यात, त्या गोणपाटावर बसायचे आणि शाळा सुटली की तो घरी न्यायचा. शाळेत पाण्याचा नळ होता. पण इतर मुलांप्रमाणे स्वतः जाऊन तो सोडण्याची मुभा या मुलाला नव्हती. शाळेच्या शिपायाने नळ सोडावा, मग याने प्यावे, असा रिवाज होता. शिपाई रजेवर असला किंवा जागेवर नसला, तर त्या दिवशी तहान घेऊनच घरी जावे लागे. मास्तरांनी मारल्याच्या आठवणी बहुतेकांच्या असतात. भीमरावांच्या शाळेच्या आठवणीत हा शिपाई होता.

१९०१ सालच्या उन्हाळ्यात जे घडले ते याहून कठोर होते. त्या वेळी रामजी सुभेदार खटाव तालुक्यातील गोरेगाव येथे खजिनदाराच्या नोकरीवर होते. दुष्काळाने हवालदिल झालेल्या लोकांना काम मिळावे म्हणून सरकारने तेथे तलाव खोदण्याचे काम काढले होते. त्या कामाचा हिशेब व मजुरीचा पैसा सुभेदारांच्या हाती असे. सुट्टीत मुलांनी भेटीस यावे असे त्यांनी कळविले. भीमराव, त्यांचे वडील बंधू व दोन भाचे, असे चौघे नवे कपडे घालून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरले. मुले येणार असल्याचे पत्र सुभेदारांच्या नोकराने त्यांना दिलेच नव्हते, त्यामुळे स्टेशनवर न्यायला कोणी आले नाही. स्टेशनमास्तरांनी आधी आपुलकीने चौकशी केली, पण जात कळताच ते मागे सरले. बैलगाडीवाले यायला तयार होईनात. अखेर एकाने दुप्पट भाडे घेऊन गाडी दिली, तीही अशा अटीवर की गाडी मुलांनीच हाकावी, तो बाजूने पायी चालेल.

बरोबर शिदोरी होती, पाणी नव्हते. वाटेत एका ओढ्याशी गाडी थांबली. ओढ्यात उरले होते ते डबके. गुरे त्यात उतरत होती, चिखल, शेण व मूत यांनी ते पाणी इतके नासले होते की वासानेच मुले मागे फिरली. शिदोरी तशीच अर्धवट बांधून ठेवावी लागली. रात्री टोलनाक्यावर पाणी मिळेल या आशेने तेथे विचारणा केली. गाडीवानाच्या सल्ल्याने आपण मुसलमान आहोत असेही सांगून पाहिले. नाकेदाराने टेकडीवर पाणी आहे, जाऊन घ्या, असे सांगून वाटेला लावले. अंधारात अनोळखी टेकडीवर कोण जाणार? नऊ-दहा वर्षांचा भीमा आणि त्याची भावंडे त्या रात्री उपाशी व तहानलेली गाडीतच निजली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुमारास ती गोरेगावला पोहोचली. ज्या बापाच्या देखत गावासाठी तलाव खणला जात होता, त्याच बापाच्या मुलांना त्या तलावाच्या वाटेवर कोणी ओंजळभर पाणी दिले नाही. पुढे अनेक वर्षांनी बाबासाहेबांनी ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आणि आपल्यावर तिचा कायमचा ठसा उमटल्याचे नमूद केले.

यानंतर थोड्याच वर्षांत सुभेदारांनी मुलांच्या शिक्षणासाठी मुंबई गाठली. कोकणातील हजारो चाकरमान्यांप्रमाणे हे कुटुंबही परळलाच आले आणि लोअर परळच्या डबक चाळीत एका खोलीत राहू लागले. गिरण्यांचे भोंगे, चाळीचा कलकलाट, खोलीत भांडीकुंडी, सरपण, शेळी आणि अभ्यास करणारा मुलगा असा तो संसार होता. वडील भीमाला रात्री लवकर निजवीत आणि उत्तररात्री दोनच्या सुमारास अभ्यासाला उठवीत.

त्या मुंबईच्या पाण्याची गोष्टही थोडक्यात सांगितली पाहिजे. एकेकाळी हे शहर विहिरी व तलाव यांवर जगत असे. गिरगावच्या वाड्यावाड्यांत विहिरी होत्या, मुंबादेवीचा तलाव होता, गवालिया तलाव होता, आणि फ्रामजी कावसजी या दानशूर पारशी गृहस्थांनी १८३१ मध्ये पुष्कळ खर्च करून नव्याने बांधून काढलेला धोबीतलाव होता. पाऊस कमी झाला की यातील बरेचसे पाणी आटे किंवा मचूळ होई. म्हणून १८६० मध्ये विहारचे, १८७९ मध्ये तुळशीचे आणि १८९२ मध्ये तानसाचे पाणी नळाने शहरात आले. पुढे १९११ साली डॉ. बेंटली यांनी हिवतापाचे डास विहिरींत वाढतात असे दाखवून दिल्यावर अनेक विहिरी झाकल्या किंवा बुजविल्या गेल्या. तलावही भरून टाकले गेले. नावे तेवढी राहिली. मुंबईत नळ आला, तेव्हा पाण्याला जात चिकटविणे गावच्यापेक्षा अवघड झाले. अवघड झाले, पण थांबले नाही. गिरण्यांत विणखात्यात धोट्यातून सुताचा धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. त्या थुंकीच्या विटाळाच्या भीतीने अस्पृश्य कामगारांना त्या खात्यात घेत नसत, आणि मजुरी तर त्याच खात्यात जास्त होती. १९२८ च्या गिरणी संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न ठामपणे मांडला.

भीमराव धोबीतलावाजवळच्या एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये जाऊ लागले. सरकारी शाळा, नामांकित शाळा. तरीही एकदा शिक्षकांनी त्यांना फळ्यापाशी गणित सोडविण्यास बोलावताच वर्गात गोंधळ उडाला. फळ्यामागे मुलांचे डबे ठेवलेले होते आणि ते विटाळतील म्हणून मुले ते काढायला धावली. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले. त्या काळी त्यांच्या समाजातील मुलाने मॅट्रिक होणे ही एवढी मोठी गोष्ट होती की त्यांच्या सत्कारासाठी सभा भरली. त्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्यांना भेट दिले. बडोद्याचे श्रीमंत सयाजीराव महाराज यांच्या साहाय्याने एल्फिन्स्टन कॉलेजचे शिक्षण झाले. कॉलेजातील हॉटेलवाला मात्र त्यांना चहा देत नसे आणि पाणीही देत नसे. १९१२ मध्ये ते बी. ए. झाले.

पुढील शिक्षणाचा तपशील येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही. १९१३ मध्ये ते सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात गेले, तेथून १९१६ मध्ये लंडनला. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने १९१७ मध्ये परतावे लागले व करारानुसार बडोद्यास नोकरीवर रुजू व्हावे लागले. कोलंबियात शिकलेल्या या अधिकाऱ्याच्या टेबलावर शिपाई लांबून कागद फेकीत. कचेरीत पिण्याच्या पाण्याची सोय त्यांच्यासाठी नव्हती. राहायला जागा मिळेना. काही दिवसांतच ते मुंबईला परतले.

नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. विद्यार्थी त्यांच्या व्याख्यानांवर खूश असत. अन्य वर्गांतील मुलेही ऐकायला येत. परंतु प्राध्यापकांच्या खोलीत पाण्याचा जो माठ होता, त्यातले पाणी आंबेडकरांनी घेऊ नये, असे काही सहकारी प्राध्यापकांचे म्हणणे पडले. साताऱ्याच्या शाळेतला शिपाई निदान अडाणी होता असे म्हणता येईल. येथे तर सारेच पदवीधर. विद्येने माणूस सुधारतो ही समजूत किती भोळी असते, हे त्या माठाने दाखविले.

१९२० मध्ये कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांच्या साहाय्याने त्यांनी ‘मूकनायक’ पत्र काढले, आणि त्याच वर्षी ते पुन्हा लंडनला गेले. बॅरिस्टर व डी. एस्सी. होऊन १९२३ मध्ये परत आले. त्यांचा अभ्यासाचा मुख्य विषय होता सार्वजनिक पैसा. सरकारी तिजोरीत पैसा कोणाकडून येतो, तो कोणावर खर्च होतो, प्रांतांचा जमाखर्च कसा चालतो, रुपयाचे मोल कसे ठरते, यांवर त्यांचे ग्रंथ आहेत. कोलंबिया विद्यापीठाने प्रांतिक अर्थव्यवस्थेवरील ग्रंथासाठी त्यांना पीएच. डी. ही पदवी दिली ती १९२७ साली, म्हणजे महाडच्याच वर्षी. हा योगायोग खरा, तरी दोहोंचा संबंध आहे.

तो संबंध समजण्यासाठी रावबहादुर सीताराम केशव बोले यांचे स्मरण केले पाहिजे. दादरमध्ये आजही त्यांच्या नावाचा रस्ता आहे. भंडारी समाजाचे हे पुढारी मुंबईच्या गिरणी कामगारांत काम करीत व कायदे कौन्सिलचे सभासद होते. ४ ऑगस्ट १९२३ रोजी त्यांनी कौन्सिलात एक ठराव मंजूर करून घेतला. सार्वजनिक पैशाने बांधलेले किंवा चालविलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसेच सार्वजनिक शाळा, न्यायालये, कचेऱ्या व दवाखाने यांचा वापर अस्पृश्य मानलेल्यांना करू द्यावा, असा तो ठराव होता. त्यातील मर्म सार्वजनिक पैसा या शब्दांत आहे. गावात पट्टी गोळा करताना कोणी कोणाची जात विचारीत नाही. मग त्या पट्टीतून बांधलेल्या विहिरीवर घागर घेऊन गेल्यावरच ती का विचारावी? एवढा साधा हिशेब बोले यांनी कायद्याच्या भाषेत मांडला. सरकारने आपल्या खात्यांना त्याप्रमाणे हुकूम पाठविले. १९२६ मध्ये बोले यांनी दुसरा ठराव आणला, तो असा की ज्या नगरपालिका व लोकल बोर्डे हे मानणार नाहीत त्यांचे अनुदान बंद करावे.

कुलाबा जिल्ह्यातील महाडच्या नगरपालिकेने १९२४ च्या जानेवारीत ठराव करून गावचे चवदार तळे सर्वांना खुले केले. तेथे सुरेंद्रनाथ उर्फ सुरबानाना टिपणीस यांच्यासारखी सुधारक मंडळी होती. ठराव झाला, कागद दप्तरात गेला. पुढे तीन वर्षे एकाही अस्पृश्याने त्या तळ्यात घागर बुडविली नाही. बुडविण्याची प्राज्ञा नव्हती.

कोकणच्या वाचकांना हे पाण्याचे गणित वेगळे सांगायला नको. शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो, आणि फाल्गुन उजाडत नाही तोच वहाळ आटतात. जांभा दगड सच्छिद्र, पाणी त्यातून झिरपून खाली निघून जाते. त्यानंतर उरतात ते जिवंत झऱ्यांचे पाणवठे. पावसाच्या पाण्याबरोबर नैसर्गिक झऱ्यांवर भरणारे चवदार तळे हे तसे पाणी होते. गावाच्या मध्यभागी, चहूबाजूंनी रस्ते व घरे, आणि नावच चवीवरून पडलेले. असे पाणी ज्याला वर्ज्य, त्याच्या वाट्याला वहाळातले डबके येई. जेथे गुरे बसतात, जेथे कपडे धुतले जातात, तेच पाणी प्यायचे, आणि पटकीची साथ आली की पहिला बळी त्याच वस्तीतला जायचा. विटाळ हा शब्द पाण्याच्या बाबतीत केवळ मानापमानाचा नव्हता, तो जगण्यामरण्याचा होता. घरात पाणी आणणे हे बायकांचे काम असल्यामुळे त्याची सर्वात मोठी झळ बायकांना लागे. विहिरीपासून दूर उभे राहून, कोणी दया करून घागरीत वरून पाणी ओतील, याची वाट पाहण्यात त्यांची सकाळ जाई.

बाबासाहेबांनी २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. तिची कचेरी परळच्या दामोदर हॉलमध्ये होती. राहण्याची जागा जवळच, पोयबावडीच्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत, क्रमांक एक, दुसरा मजला, खोल्या पन्नास व एक्कावन्न. मुंबईत १८९६ ला प्लेग आल्यानंतर जो ट्रस्ट स्थापन झाला, त्याने कामकरी लोकांसाठी या चाळी बांधल्या होत्या. रमाबाई, मुलेबाळे, भावाचे कुटुंब आणि ग्रंथांचे ढीग, सारे त्या दोन खोल्यांत. १९१२ पासून १९३४ पर्यंतची सुमारे बावीस वर्षे, परदेशातील काळ वगळता, त्यांचे घर तेच. महाडच्या लढ्याची खलबते याच परिसरात झाली. मूळ कल्पना दासगावकडील तरुण कार्यकर्ते रामचंद्र बाबाजी मोरे व त्यांच्या सहकाऱ्यांची. अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे हे सवर्ण सहकारी खांद्याला खांदा लावून उभे राहिले.

१९ व २० मार्च १९२७ रोजी महाडला कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषद भरली. ठिकठिकाणाहून हजारो लोक भाकऱ्या बांधून पायी आले. परिषदेला लागणारे पिण्याचे पाणी चाळीस रुपये मोजून सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. तीन वर्षांपूर्वी ठरावाने खुले झालेले तळे हाकेच्या अंतरावर होते, आणि १९२७ चे चाळीस रुपये ही लहान रक्कम नव्हती. दुसऱ्या दिवशी, परिषदेचे काम आटोपत असता, नगरपालिकेचा ठराव अमलात आणण्याची सूचना अनंतराव चित्रे यांनी मांडली. बाबासाहेब उठले. त्यांच्या मागोमाग सारा समुदाय शिस्तीने रस्त्यावरून निघाला आणि चवदार तळ्यावर पोहोचला. बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले व प्राशन केले. मग इतरांनी घेतले. त्या क्षणी तेथे दुसरे काहीच झाले नाही. पाण्याला रंग आला नाही, तळे आटले नाही.

दोन तासांनी गावात अफवा उठली की ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. तसा कोणताच बेत नव्हता. पण अफवेला पुरावा लागत नाही. जमाव लाठ्या घेऊन परिषदेच्या मंडपावर चालून गेला. जेवायला बसलेल्या, परतीची बांधाबांध करणाऱ्या लोकांना मारहाण झाली, अन्न मातीत मिसळले. काहींना मुसलमानांच्या घरांत आसरा मिळाला. परिषदेला आलेल्यांत पलटणीतून निवृत्त झालेले कित्येक जण होते. त्यांनी मनात आणले असते तर त्या दिवशी महाडात रक्ताचे पाट वाहिले असते. डाकबंगल्यात उतरलेल्या बाबासाहेबांच्या शब्दाची ते वाट पाहत होते, आणि बाबासाहेबांनी शब्द दिला तो शांत राहण्याचा. हल्लेखोरांपैकी काहींना पुढे न्यायालयात शिक्षा झाली. इकडे गावातील सनातनी मंडळींनी तळे शुद्ध करण्यासाठी पंचगव्याचे एकशे आठ घडे त्यात ओतले आणि पाणी पुन्हा शुद्ध झाल्याचे जाहीर केले. पिण्याच्या पाण्यात शेण आणि गोमूत्र घालून ते शुद्ध झाल्याचे मानणारी ही रीत आणि माणसाच्या ओंजळीने ते बाटल्याचे मानणारी ती रीत, एकाच डोक्यातून निघालेल्या. धर्मभावनेचा अनादर न करताही हे म्हणता येईल.

परत आल्यावर ३ एप्रिल १९२७ रोजी बाबासाहेबांनी मुंबईत ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक सुरू केले आणि महाडच्या प्रकरणाचा त्यातून सविस्तर परामर्श घेतला. ४ ऑगस्ट १९२७ रोजी महाड नगरपालिकेने आपला जुना ठराव रद्द केला. बोले यांच्या ठरावाला त्याच दिवशी बरोबर चार वर्षे पूर्ण झाली होती. तेव्हा बाबासाहेबांनी डिसेंबरात सत्याग्रह परिषद जाहीर केली. १२ डिसेंबरला महाडच्या काही रहिवाशांनी दावा लावला की तळे सवर्णांचे असून अस्पृश्यांना त्यातील पाणी घेण्याचा हक्क नाही. न्यायालयाने तात्पुरता मनाई हुकूम दिला. तरीही लोक आलेच. मंडपासाठी जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. बाबासाहेब मुंबईहून बोटीने निघून दासगावला उतरले व तेथून महाडला गेले. २५ डिसेंबर रोजी परिषद भरली आणि त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले.

सत्याग्रह करावयाचा की नाही यावर मात्र तेथे मोठी चर्चा झाली. जमलेले लोक तुरुंगात जायला तयार होते. पण प्रकरण न्यायालयात आहे, आणि हुकूम मोडला तर आपली बाजू सरकारच्या विरुद्ध जाईल, हे बाबासाहेबांनी पटवून दिले. लोक तळ्याभोवती मिरवणुकीने फिरून, पाण्याला हात न लावता, परत गेले. मार्चमधील ओंजळ सर्वांना ठाऊक आहे. डिसेंबरमधला हा संयम फारसा कोणी सांगत नाही. हजारो तहानलेली माणसे पाण्याच्या काठावरून कोरडी परत नेणे हे त्या ओंजळीपेक्षा अवघड काम होते.

दावा दहा वर्षे चालला. महाडचे न्यायालय, ठाण्याचे अपील आणि शेवटी मुंबईचे उच्च न्यायालय. परळच्या चाळीतून दादरच्या हिंदू कॉलनीतील ‘राजगृह’ या स्वतःच्या घरी बाबासाहेब १९३४ मध्ये राहायला गेले, १९३५ च्या मे महिन्यात रमाबाईंचे निधन झाले, मधल्या काळात नाशिकच्या काळाराम मंदिराचा सत्याग्रह आणि लंडनच्या गोलमेज परिषदा होऊन गेल्या, तरी चवदार तळ्याचा खटला चालूच होता. तळ्यावर मालकी सांगणाऱ्यांना ती सिद्ध करता आली नाही. ते नगरपालिकेच्या ताब्यातील सार्वजनिक तळे ठरले. मग प्रश्न उरला रूढीचा. सवर्णच आजवर पाणी भरीत आले हे खरे, पण ती वहिवाट अनादि काळापासूनची आहे हे सिद्ध झाले नाही, असे न्या. ब्रूमफील्ड व न्या. वाडिया यांनी ठरविले, आणि १७ मार्च १९३७ रोजी अपील फेटाळले. सत्याग्रहाला दहा वर्षे पुरी व्हायला तीनच दिवस बाकी होते.

त्याच वर्षी बाबासाहेबांनी मुंबईच्या विधिमंडळात खोतीची पद्धत नष्ट करणारे विधेयक मांडले. कोकणातील कुळांना, मग ती कुणब्याची असोत की महाराची की भंडाऱ्याची, त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागला नाही.

१९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात ते मजूर खात्याचे सभासद होते. पाटबंधारे व वीज हे विषयही त्या खात्याकडे असत. १९४३ मध्ये बंगाल-बिहारच्या दामोदर नदीला मोठा पूर आला. नदी एका प्रांताची नव्हे, तिच्या साऱ्या खोऱ्याचा एकत्र विचार झाला पाहिजे, पूर अडवावा, त्यातून वीज व शेतीला पाणी मिळवावे, असे धोरण त्यांच्या खात्याने पुढे नेले. १९४५ मध्ये मध्यवर्ती जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. दामोदर खोरे महामंडळाचा कायदा १९४८ मध्ये झाला. टोलनाक्यावर पाण्यावाचून रात्र काढलेला मुलगा देशाच्या नद्यांचा विचार करीत होता, पण या कामाची माहिती त्यांच्या चाहत्यांनाही बेताचीच असते.

२९ ऑगस्ट १९४७ रोजी घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले व २६ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना स्वीकृत झाली. तिच्या सतराव्या अनुच्छेदाने अस्पृश्यता नष्ट केली हे शाळेतली मुलेही जाणतात. पंधरावा अनुच्छेद जरा लक्ष देऊन वाचावा. राज्याच्या पैशाने संपूर्णतः किंवा अंशतः चालविलेल्या, अथवा सर्व जनतेच्या उपयोगासाठी अर्पण केलेल्या विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते व सार्वजनिक जागा यांच्या वापरास धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान यांच्या कारणाने कोणाही नागरिकाला आडकाठी होणार नाही, असा त्याचा आशय आहे. बोले यांच्या १९२३ च्या ठरावातील सार्वजनिक पैशाचा हिशेब येथे देशाच्या मूळ कायद्यात आला. त्यात भर पडली ती लोकांच्या उपयोगासाठी अर्पण केलेल्या पाणवठ्यांची. पुण्य लागावे म्हणून कोणी विहीर बांधून गावाला दिली, तर तीही सर्वांचीच झाली. १९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हा कायद्याने पाणी अडविणाऱ्याला शिक्षा ठरविली.

तरीही कागद आणि घागर यांतील अंतर एकदम मिटले नाही. महाडच्या नगरपालिकेचा ठराव तीन वर्षे दप्तरात पडून होता, तसा घटनेतील शब्दही कित्येक गावांत पडून राहिला. १९७२ च्या सुमारास, दुष्काळाच्या दिवसांत, डॉ. बाबा आढाव यांनी ‘एक गाव एक पाणवठा’ ही चळवळ हाती घेतली तेव्हा ते गावोगाव हिंडले, आणि घटना लागू होऊन वीस वर्षे उलटली असतानाही वेगळे पाणवठे त्यांना जागोजाग आढळले. काही गावांनी त्या वेळी आपली विहीर खुली केली, काहींनी नळ येईपर्यंत वाट पाहिली.

बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आत, ६ डिसेंबर रोजी दिल्लीत त्यांचे महापरिनिर्वाण झाले. पार्थिव विमानाने मुंबईस आणून ‘राजगृहा’त ठेवण्यात आले, आणि ७ डिसेंबरला दादरच्या समुद्रकिनारी अंत्यसंस्कार झाले. त्या जागी चैत्यभूमी उभी आहे. दरवर्षी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात खेडोपाड्यांतून लाखो माणसे तेथे येतात, शिवाजी पार्कच्या मैदानावर मुक्काम करतात. त्यांच्यासाठी मुंबई महानगरपालिका मैदानात पिण्याच्या पाण्याचे नळ रांगेने लावते व टँकर उभे करते. रात्रभर प्रवास करून आलेल्या बाया प्रथम तेथे जातात, तोंड धुतात, बाटल्या भरून घेतात, लेकरांना पाणी पाजतात आणि मग दर्शनाच्या रांगेत उभ्या राहतात.